भिगवणचं पाणी आणि सुप्याचा माळ: पुण्याहून एका दिवसात

उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्षी बघायला भिगवणला कधी जायचं हे कॅलेंडर बघून ठरवू नका, पेपरात रोज येणारी उजनीच्या पाणीसाठ्याची टक्केवारी बघा. धरण काठोकाठ भरलेलं असलं की काठचा चिखल पाण्याखाली असतो आणि रोहितांना (फ्लेमिंगोंना) उभं राहायला जागा नसते. रोहित चोच उलटी धरून चिखल-पाणी गाळून खातो, त्याला उथळच लागतं. शेतीसाठी पाणी सुटत जातं तसे चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि थवे दिसू लागतात. त्याचं दुसरं टोकही लक्षात ठेवा. उजनी पार मायनसमध्ये गेली की पाणी भिंतीकडे सरकतं, भिगवण हे फुगवट्याचं वरचं टोक असल्याने ते आधी कोरडं पडतं, आणि होडीपर्यंत पोचायलाच चिखल तुडवावा लागतो. जानेवारी ते मार्चमधला मधला टप्पा गाठायचा. हा वृत्तांत फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारचा आहे.

हडपसर पहाटे 4 ला सोडलं तर सूर्योदयाच्या बऱ्याच आधी होड्या मिळतात ते काठावरचं कुंभारगाव गाठता येतं. सोलापूर महामार्ग सरळ आहे, तरी अंधारात वेग आवरा. गळीत हंगामात यवतपासून पुढे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो. भिगवण ओलांडलं की डाव्या हाताला नदीकडे वळायचं.

होडीत बसण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: भाडं माणशी की अख्ख्या होडीचं, लाइफ जॅकेट आहे ना, आणि पक्ष्यांजवळ इंजिन बंद करून बांबूने होडी ढकलणार ना. तिसरी सर्वांत महत्त्वाची. इंजिनाच्या आवाजाने थवा उठतोच, शिवाय उथळ पाण्यात मच्छीमारांची जाळी पसरलेली असतात, त्यात पंखा अडकतो. नावाडी स्वतः मच्छीमार असल्याने जाळी कुठे आहेत ते त्यांना ठाऊक असतं. त्यांना "अजून जवळ घ्या" म्हणू नका. खाली माना घालून चरणारे रोहित एकदम माना वर करून एकाच दिशेला चालू लागले, की तुम्ही हद्दीवर आहात, तिथेच थांबा. पळू लागले म्हणजे हद्द ओलांडली. गुलाबी पंख उघडलेला फोटो मिळावा म्हणून थवा मुद्दाम उडवणं हा सरळसरळ त्रास आहे. त्यांचं चरणं तुटतं आणि मागून येणाऱ्या होड्यांनाही काही उरत नाही.

दुर्बीण 8 बाय 42 ची न्या. 10 पट मोठं दाखवणारी होडीत हलत राहते. पट्टकदंब हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात. डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्यांवरून ते लगेच ओळखू येतात, आणि उजाडताना शेतांकडून पाण्याकडे येताना छान दिसतात. चित्रबलाक, चमचा, मुग्धबलाक, नदी सुरय आणि चक्रवाक सहज दिसले. पाण्यातल्या वठलेल्या झाडांवर कैकर हा मासे पकडणारा शिकारी पक्षी बसतो, ती झाडं एकेक करून तपासा. 10 वाजल्यानंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि फोटो धूसर येतात. तो दोष लेन्सचा नसतो, कॅमेरा बॅगेत ठेवा. पाण्याला वास येईल, जलपर्णीही दिसेल. मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी भीमेत आणि तिथून इथे येतं, हे पुणेकरांनी होडीत बसून एकदा बघायलाच हवं. दुपारी चिलापीचं कालवण आणि भाकरी. सकाळीच सांगून ठेवा, नाहीतर तासभर थांबावं लागतं.

आता सुपे. परतताना चौफुल्याला डावीकडे मोरगावच्या रस्त्याला लागायचं. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य अवघं 5.14 चौरस किलोमीटरचं, 1997 साली घोषित झालेलं. ताडोबा व्याघ्र प्रकल्प सतराशे चौरस किलोमीटरहून मोठा आहे, त्याच्याशी ताडून बघा म्हणजे गवताळ माळाच्या वाट्याला किती आलंय ते कळेल. कितीतरी माळ सरकारदरबारी पडीक म्हणून नोंदला जातो, आणि 'ओसाड' जमीन हिरवी करायची म्हणून त्यावर झाडं लावली जातात. चंडोल, धाविक, माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. त्यांना झाडी नको असते, लांबवर नजर पोचणारं मोकळं रान हवं असतं.

फाटकावर नोंद करून 4 च्या सुमारास आत जा. दुपारभर चिंकारा, म्हणजे माळावरची लहान हरणं, बाभळी-हिवराच्या सावलीत बसून असतात आणि त्यांचा रंग मातीत विरतो. गाडी चालण्याच्या वेगाने चालवा आणि शेपट्या शोधा, कारण काळी आखूड शेपूट सतत हलते आणि डोळ्याला आधी तीच सापडते. नर-मादी दोघांनाही शिंगं असतात. नराची लांब, वळ्यांची, मादीची बारीक. इंजिन बंद करा, काच आधीच खाली असू द्या आणि दार उघडू नका. गाडीला ते सोसतात, गाडीतून उतरलेल्या माणसाला नाही. आम्हाला दिसलेल्या तिघांतल्या एका मादीने मान ताठ करून पुढचा पाय दोनदा जमिनीवर आपटला आणि शिंकेसारखा आवाज काढला. हा बाकीच्यांना इशारा असतो. तो ऐकल्यावर गाडी पुढे घेऊ नये. दहा मिनिटं तसेच थांबलो, ती पुन्हा चरू लागली.

कुसळी गवताची तयारी हवीच. त्याचं टोक पीळ घेत कापडात शिरतं. लोकरी मोजे आणि सुती ट्रॅकपँट टाळा, गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घाला.

लांडग्यासाठी इंदापूरची कडबनवाडी आणि बारामतीचं शिर्सुफळ बरं. तिथे वनखात्याची गवताळ प्रदेशाची सफारी आहे, नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते. हिवाळ्यात लांडग्यांची पिल्लं असतात, त्यामुळे धनगरांना पैसे देऊन गुहा दाखवायला सांगू नका. उरलेलं अन्न माळावर टाकू नका. त्यावर भटकी कुत्री जमतात, चिंकाऱ्यांच्या मागे लागतात, रोग पसरवतात. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्र्याचा संकर जनुकीय चाचणीत सिद्धही झाला आहे.

सूर्यास्ताच्या आत फाटकाबाहेर या. पखुर्ड्या या माळपक्ष्यांचे थवे पाणवठ्यावर सकाळी उन्हं वर आल्यावर येतात. त्यासाठी सुप्याला वेगळी सकाळ ठेवा.