उजेडाची आठवण

लॅपटॉपला सगळं आठवतं. वायफायचा पासवर्ड, वॉलपेपर, कधीकाळी उघडून ठेवलेल्या टॅबसुद्धा. रीस्टार्ट केलं की नेमका स्क्रीनचा ब्राइटनेस तेवढा विसरतो. रात्री दिवे मालवून काम करत बसावं, मध्येच अपडेट यावं आणि पडद्याने असा भक्कन उजेड फेकावा की दिवाणावरून सासूबाई म्हणतात, "अगं, रात्रीचा सराफा बाजार घरातच भरवलास की काय?"

इंदूरच्या जेलरोडवरच्या दुरुस्तीवाल्याने ऐकून घेण्याआधीच निकाल दिला, "फॉर्मॅट मार देते हैं, दीदी." कुठलंही दुखणं न्या, औषध तेच.

खरं तर लिनक्समध्ये, म्हणजे आमच्या लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये, याची चोख व्यवस्था आहे. बंद होताना सिस्टमडी हे मशीनची सुरू-बंद सांभाळणारं सॉफ्टवेअर ब्राइटनेसचा आकडा एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतं, सुरू होताना तोच पुन्हा लावतं. कुणी उजेड पार तळाला नेऊन मशीन बंद केलं असेल, तर निदान 5 टक्क्यांपर्यंत तो वर आणतं, म्हणजे काळा पडदा बघून माणूस हबकायला नको. इतकी काळजी माणसंही घेत नाहीत.

मग घोडं अडतं कुठे? काही मशीनमध्ये एकाच बॅकलाइटला, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याला, दोन धनी असतात. एक ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्राम; दुसरा फर्मवेअरमधून, म्हणजे मशीनच्या अंगभूत सॉफ्टवेअरमधून, आलेला एसीपीआय. दोघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या. नोंद एकाच्या नावावर होते आणि दिवा असतो दुसऱ्याच्या हाती. कधी आकडा वेळेवर लागतो, पण मागून जागा झालेला ड्रायव्हर तो पुसून पुन्हा फुल्ल करतो.

उजेडाचे असले लाड इंदूरने फार आधी केलेत. 1930 च्या सुमारास महाराजा यशवंतराव होळकरांनी (दुसरे) एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. तिथल्या लाल आरामखुर्च्यांमध्ये वाचायचे दिवे खुर्चीतच बसवलेले होते. पुस्तकापुरता उजेड, शेजारच्याची झोप शाबूत. महाराजांच्या खुर्चीला ड्रायव्हर लागत नव्हता, हे आहेच.

शेवटी भाच्याने कर्नेलच्या बूट ओळीत, म्हणजे सुरू होताना लिनक्सच्या गाभ्याला दिल्या जाणाऱ्या सूचनांत, एसीपीआय बॅकलाइटपुढे 'नेटिव्ह' लिहून दिलं, म्हणजे दिवा ग्राफिक्स ड्रायव्हरच्याच हाती. काहींच्या मशीनवर तिथे 'व्हेंडर', म्हणजे लॅपटॉप कंपनीचा ड्रायव्हर, चालतं, हे ज्याच्या त्याच्या हार्डवेअरवर. आमचा उजेड आता जागेवर राहतो. हल्ली ब्लूटूथ दर वेळी आपोआप चालू होतं, पण ते सासूबाईंना दिसत नाही.