लंगरला जाताय? मग आधी घ्यायला शिका

अमृतसरला निघालेल्या ओळखीच्या लोकांकडून मला एक प्रश्न हमखास येतो, मी मूळची नांदेडची आहे म्हणून असेल, की अगं तिथे सुवर्णमंदिरातल्या लंगरमध्ये जेवायचं तर पैसे किती टाकायचे? पाचशे चालतील का माणशी? आणि दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात, की आपण चांगले कमावते लोक, फुकट जेवायला बसलो तर बरं दिसतं का, तिथे गरिबांसाठी असेल ना ते? हे इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा नीट बसून लिहावंच, कारण या दोन्ही प्रश्नांत लंगर म्हणजे काय हेच निसटून जातंय असं मला मनापासून वाटतं.

लंगर गरिबांसाठी नाहीये. म्हणजे गरीब जेवतातच, पण ते अन्नछत्र 'गरजूंसाठी' म्हणून काढलेलं नाही, ते सगळ्यांसाठी आहे आणि सगळ्यांनी एका ओळीत खाली बसून जेवावं हाच त्याचा मुद्दा आहे. गुरू नानकांनी सुरू केलेली ही पद्धत, पुढे तिसरे गुरू अमरदास यांनी पंजाबातल्या गोइंदवालला नियमच करून टाकला, पहले पंगत फिर संगत, म्हणजे मला भेटायचंय ना, तर आधी सगळ्यांसोबत जमिनीवर बसून जेव आणि मग ये. परंपरेत असं सांगतात की अकबर बादशहा भेटायला आला तेव्हा तोही आधी पंगतीत बसला. आता विचार करा, जिथे बादशहाला 'मी नुसतं दान देऊन जातो' म्हणायची सोय नव्हती तिथे आपण पाचशेची नोट टाकून न जेवता परत येणार, कशासाठी? पाचशे द्या ना, जरूर द्या, पण जेवून द्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की तिथे देण्याआधी घेता आलं पाहिजे. देणाऱ्याला मान असतोच जगात सगळीकडे, घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून काय करता येईल याचा विचार फार थोड्या ठिकाणी झालाय आणि लंगर त्यातली सगळ्यात मोठी जागा आहे. हरमंदिर साहिब, म्हणजे आपण ज्याला सुवर्णमंदिर म्हणतो, तिथल्या लंगरमध्ये साध्या दिवशी पन्नास हजाराच्या वर माणसं जेवतात, सणावाराला लाखाच्या घरात जातात, दिवसरात्र चालू, आणि दारात कुणी विचारत नाही तुम्ही कोण, कुठले, जात काय, धर्म काय, पैसे भरले का.

आता प्रत्यक्ष कसं वागायचं ते सांगते. डोकं झाकायचं, बाया, पुरुष, लहान मुलं, सगळ्यांनी. ओढणी, रुमाल, पदर काहीही चालतं, टोपी घालून जाऊ नका, ते तिथे बरोबर मानत नाहीत. बाहेर रस्त्यावर रुमाल विकणारे अक्षरशः अंगावर येतात आणि सांगतात की विकत घ्यावाच लागतो, तसं काही नाहीये, दाराशी रुमालांची टोपली भरून ठेवलेली असते, त्यातला घ्या, निघताना परत टाका. चपला जोडाघरात द्या, टोकन मिळतं, पैसे लागत नाहीत. तिथे चपला उचलून घेणारी माणसं नोकर नसतात बरं का, सेवा करणारे, म्हणजे सेवादार असतात, त्यात बँकेतले मॅनेजर असतात, डॉक्टर असतात, त्यामुळे चपला काउंटरवर आपटू नका आणि टीप तर अजिबात देऊ नका. आत शिरताना वाहत्या पाण्यातून पाय धुऊन जायचं. सरोवराच्या काठावर बसलात तर मांडी घालून बसा, पाण्यात पाय सोडून बसायचं नसतं, आपल्याकडे नदीच्या घाटावर बसायची सवय असते त्यामुळे हे हमखास होतं आणि मग सेवादार येऊन सांगतो.

आणि एक, हे आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितेय. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, गुटखा, सिगरेट, मशेरी, काहीही खिशात किंवा पर्समध्ये ठेवून आत जाऊ नका. नुसतं खायचं नाही असं नाही, जवळ बाळगायचंच नाही. शीख धर्मात तंबाखू फार कडक निषिद्ध आहे, हॉटेलवर ठेवून या. दारू पिऊन जाण्याबद्दल तर बोलायलाच नको.

मासिक पाळीबद्दल बऱ्याच मैत्रिणी विचारतात, आधी विचारायला संकोचतात. गुरुद्वारात त्याचं काही बंधन नाही, ना दर्शनाला, ना लंगरला, ना स्वयंपाकाच्या सेवेला. निर्धास्त जा.

लंगरच्या इमारतीत शिरतानाच हातात थाळी, वाटी, चमचा देतात. मग सतरंजीच्या लांब पट्ट्या असतात त्यावर ओळीत बसायचं, जिथे जागा येईल तिथे. 'आम्ही सहाजण एकत्र, इथे जागा धरा' असं करू नका, रुमाल टाकून जागा अडवणं तर फारच वाईट दिसतं. शेजारी कोण येईल ते येईल, त्यासाठीच तर ती पंगत आहे. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी घाबरू नका, सेवादाराला सांगितलं तर बसायची वेगळी सोय करून देतात, पण मी धडधाकट आहे आणि मला जमिनीवर आवडत नाही म्हणून खुर्ची मागू नये. या खाली बसण्याला किती महत्त्व आहे ते असं बघा, की कॅनडातल्या गुरुद्वारांत टेबल-खुर्च्यांवर लंगर द्यावा की नाही यावरून इतका मोठा वाद झाला की १९९८ मध्ये थेट अकाल तख्तावरून, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठावरून, हुकूम निघाला, लंगर जमिनीवर बसूनच.

वाढपी येतो तेव्हा पोळीला परशादा म्हणतो, आणि तो तुमच्या थाळीत टाकत नाही. तुम्ही दोन्ही हात पुढे करून ओंजळीत घ्यायचा. हे बघा, इथेच आपले लोक गडबडतात, एक हात मोबाईलवर आणि दुसऱ्या हाताने थाळीकडे बोट दाखवतात, इथे ठेव म्हणून. वाढणारा थांबून राहतो बिचारा. मोबाईल खाली ठेवा, दोन्ही हात पुढे करा. कोट्यधीश असो नाहीतर फुटपाथवर झोपणारा, परशादा घेताना दोघांचे हात सारखेच पसरलेले असतात, आणि मला विचाराल तर लंगरमधली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, ती भव्य चूल आणि पोळ्यांचं मशीन नाही ज्याचे सगळे व्हिडिओ काढत बसतात.

आपल्या पंगतीत आग्रह असतो, यजमानीणबाई जिलबी घेऊन मागे लागतात, नको म्हटल्यावर अजून एक वाढणं हा मान समजतात. लंगरमध्ये आग्रह नाही पण वाढपी पुन्हा पुन्हा येतो, डाळ, भाजी, भात, खीर, त्यामुळे पहिल्यांदाच थाळी भरून घ्यायची काही गरज नसते. थोडं घ्या, संपवा, परत घ्या. नको असेल तर हात जोडा, थाळीवर हात आडवा धरा, झालं. पण घेतलेलं टाकायचं नाही, म्हणजे नाहीच. मुलांच्या ताटात आईबाप उत्साहाने चार चार परशादे घेतात आणि मग अर्धे तुकडे तसेच सोडून उठतात, हे बघून मला खरंच फार वाईट वाटतं, कारण त्या पोळीसाठी कुणीतरी पहाटे उठून कणीक मळलेली असते आणि कुणीतरी आपल्या कमाईतला वाटा दिलेला असतो. जेवण नेहमी शाकाहारी असतं, कुणालाही कुठल्याही धर्माच्या माणसाला बसता यावं म्हणून, त्यामुळे 'यात काय आहे' ही चौकशी करत बसू नका. उठताना थाळी स्वतः उचलून धुण्याच्या जागेपर्यंत न्यायची.

कडा प्रसाद वेगळा. तो दरबारात, म्हणजे गुरू ग्रंथ साहिब हा धर्मग्रंथ असतो त्या मुख्य दालनात मिळतो, कणीक, तूप, साखर सारख्या प्रमाणात, तूप हातातून ओघळेल इतका. दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा आणि नाही म्हणायचं नाही, डायबेटिस असेल तर 'थोडा' म्हणा, चिमूटभर देतात. अमृतसरला तुम्ही काउंटरवर पैसे देऊन प्रसाद घेऊन आत गेलात की तिथला सेवादार त्यातला निम्मा काढून घेतो, तो सगळ्यांना वाटायच्या प्रसादात जातो. हे बघून एक काका माझ्यासमोर चिडले होते, मी पूर्ण पैसे भरलेत म्हणून. काका, तुम्ही विकत घेतलं त्यातच दुसऱ्याचा वाटा आहे, वंड छकना म्हणतात त्याला, वाटून खाणं, शीख धर्माच्या तीन मूळ शिकवणुकींपैकी एक आहे ती, बाकीच्या दोन म्हणजे देवाचं नाव घेणं आणि कष्टाने कमावणं.

आता पैशांकडे येते, कारण मुळात प्रश्न तोच होता. शिखांमध्ये दसवंध आहे, कमाईचा दहावा भाग धर्मकार्याला, त्यावर हे सगळं चालतं. तुम्हाला जे द्यायचं ते गोलकमध्ये, म्हणजे दानपेटीत टाका, दहा रुपये असोत की दहा हजार, कुणी बघत नाही. पावती हवी असेल तर देणगीच्या काउंटरवर द्या. करसवलत मिळवायची असेल तर आधी विचारून घ्या, आणि हे कुठल्याही संस्थेला देताना लक्षात ठेवा की दोन हजारांच्या वरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत, धान्य-तूप असं वस्तूंच्या रूपात दिलेलं तर मुळीच धरत नाहीत, आणि नवीन करप्रणाली घेतली असेल तर हा विषयच संपला. परदेशातल्या नातेवाइकांकडून पाठवायचं असेल तर त्यांचा पासपोर्ट कुठला ते बघा, भारतीय नागरिक असतील तर साध्या बँकेतून पाठवलेलं चालतं, परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते आणि ती फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते. हरमंदिर साहिबला ती नोंदणी २०२० मध्ये मिळाली.

धान्य द्यायचंय तर आधी लंगरच्या ऑफिसात विचारा आज काय लागतंय. तांदळाच्या गोण्या पडून असतील आणि डाळ संपत आली असेल, तर तुमच्या मनातला संकल्प बाजूला ठेवून डाळ द्या. घरी केलेले लाडू, डब्यातलं जेवण वगैरे नेऊन वाटू नका.

आणि वेळ असेल तर सेवा करा, मी तर म्हणेन पैशाआधी सेवा करा. लसूण सोलायला, भाज्या चिरायला, भांडी घासायला कुणीही बसू शकतं, नाव नोंदवायचं नाही, परवानगी घ्यायची नाही, हात धुवा, डोकं झाकलेलं ठेवा आणि जिथे रिकामी जागा दिसेल तिथे बसा. भांडी घासण्याच्या ओळीत उभं राहिलं की थाळ्यांचा इतका आवाज असतो की बोलता येत नाही, मग आपोआप हात चालायला लागतात. वाढायला मिळालं तर परशादा वरून, हाताला हात न लावता द्यायचा आणि ओळीत कुणालाही गाळायचं नाही, कपडे मळके आहेत म्हणून कुणाला कमी आणि कुणाला जास्त असलं काही करायचं नाही. फक्त एक कळकळीची विनंती, जेवणाऱ्यांचे फोटो काढू नका. 'आज गरिबांना जेवू घातलं' अशा स्टेटसने समोरच्या माणसाला तुम्ही भिकारी करून टाकता, आणि तो तर तुमच्यासारखाच पंगतीत बसलेला पाहुणा होता.

परदेशात शिकायला गेलेल्या पोरांनो, तुमच्यासाठी पण हेच. लंडनचं साउथहॉल असो, कॅनडा असो, बँकॉकला पाहुरात बाजाराजवळचा गुरुद्वारा असो, पैसे संपले असतील, घरची आठवण येत असेल तर सरळ जा आणि जेवा, लाजू नका. मात्र रोजचे तीन डबे भरून रूमवर न्यायचे आणि वर त्याचे 'जेवणाचा खर्च कसा वाचवावा' म्हणून रील टाकायचे हे बरोबर नाही. खा, आणि मग अर्धा तास भांड्यांना उभे राहा. इतकं साधं आहे ते.

आपल्याला हे लांबचं वाटायचं खरं तर काही कारण नाही. नामदेव महाराजांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे आणि २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथेच झालं होतं. गुरू गोबिंदसिंहजींचा शेवटचा काळ आमच्या नांदेडात गेला, १७०८ मध्ये, आणि तिथला हजूर साहिब गुरुद्वारा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ हायवेवरच्या लंगरने पायी घरी निघालेल्या मजुरांना जेवू घातलं, आजूबाजूला दूरवर एकही ढाबा उघडा नव्हता तेव्हा. त्यामुळे अमृतसर जमत नसेल तर नांदेडला या, तिथेही लंगर असाच आहे.

आणि अमृतसरला जाणारच असाल तर शक्यतो नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस घ्या. वाटेत बऱ्याच स्टेशनांवर सेवादार लंगर घेऊन उभे असतात, अगदी जनरल डब्यापासून एसीपर्यंत सगळ्यांना वाढतात. प्रवास दीड दिवसाचा आहे आणि गाडी स्टेशनात फार वेळ थांबत नाही, म्हणून थाळी-वाटी किंवा रिकामा डबा घरूनच सोबत घ्या आणि स्टेशन यायच्या आधी हातात काढून ठेवा, म्हणजे मागच्या डब्यातल्यांना वाढायला त्यांना वेळ मिळतो.