पुदिन्याच्या चार काड्या

फेझ (मोरोक्को), सोमवार, रात्री उशिरा

गोष्ट एवढीशी आहे. पण झोप येत नाहीये, म्हणून लिहून टाकते.

दुपारी शुआराला कातडी कमावण्याचे हौद बघायला गेलो. चामड्याच्या दुकानातून जिना चढून गच्चीवर जायचं, तिथून खाली हौद दिसतात. वास सहन व्हावा म्हणून दारातच हातात पुदिन्याची काडी देतात. दारातल्या माणसाने विचारलं, किती जण? सोबतच्या चौघांतला लंबू म्हणाला, "चार." मग माझ्याकडे बघत, "ही आमच्यातली नाही, हॉस्टेलवर भेटली."

बरोबरच आहे की. भेटले हॉस्टेलवरच, टँजिअरला. त्याला आज नऊ दिवस झाले.

दारातल्या माणसाने चार काड्या मोजून दिल्या. मी वर तशीच उभी राहिले. खाली पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची शीट, त्यात म्हणे कातडं मऊ पडतं. माणसं मांडीपर्यंत त्यात उतरून कातडी तुडवत होती. नाकाशी काही नसलं की तो वास थेट घशात उतरतो. बाकीचे पुदिना हुंगत फोटो काढत होते. स्पॅनिश पोरीने तिची काडी पुढे केली, मी "नको" म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

"आमच्यातली नाही." मग शेफशाऊनला अक्शूरच्या धबधब्याला जाताना? सहा सीटा भरल्याशिवाय टॅक्सी हलेना, तेव्हा रिकाम्या सहाव्या सीटचे पैसे पाच जणांत वाटले. त्या हिशोबात होते ना मी? आणि बाजारात भाव करायला कोण पुढे? मीच. "तुम्हा इंडियन लोकांना जमतं." जमतंच. त्या निळ्या शालीचा भाव मी निम्म्यावर आणला होता. शाल लंबूची.

नि.ला फोन करणार होते, पण तो म्हणेल, मी सांगितलंच होतं. राहू दे.

जिना उतरताना तो दारातला माणूस म्हणाला, "हिंदी? शाहरुख खान!" आणि पुदिन्याची अख्खी जुडी माझ्या हातात कोंबली. आता, उतरल्यावर! हसूच फुटलं. मग गल्लीत "बालाक, बालाक" ओरडत एक खेचर आलं, आणि लंबूनेच मला दंडाला धरून भिंतीकडे ओढलं. आमच्यातली नसलेलीला.

आता गच्चीत बसल्यावर आठवतंय, परवा आईला मी सांगितलं, सगळे ओळखीचेच आहेत गं. ओळखीचे! लंबूचं आडनाव मला माहीत नाही. त्या दोघी बहिणी आहेत की मैत्रिणी, हे कालपर्यंत कळलं नव्हतं. आणि सॅकच्या तळाशी, मोज्यांत गुंडाळून ठेवलेली शेंगदाण्याची चटणी? नऊ दिवसांत एकदाही बाहेर काढली नाही मी ती सगळ्यांसमोर. लंबूने निदान तोंडावर तरी मोजलं.

मघाशी तो खालून ओरडला, वाळवंटातल्या मर्झूगाची तिकिटं काढतोय, येतेस ना? मी म्हटलं, पाच काढ.

चटणी मात्र आत्ता खोब्झला, म्हणजे इथल्या पावाला, लावून संपवली. पाच जणांना कुठे पुरणार होती ती.