बागेतले सूचना फलक आणि मॅटर मंजूर होईपर्यंतचा माझा अनुभव

नागपुरात बोर्डाचं काम करणाऱ्या कोणालाही विचारा. सरकारी कामात लोखंड कापायला, पावडर कोटिंगला, व्हिनाइल लावायला वेळ लागत नाही. वेळ खातं ते मॅटर, म्हणजे फलकावरचा मजकूर. आमच्या वर्कशॉपला एका तलावाकाठच्या बागेतले सगळे सूचना फलक एकाच पद्धतीचे करून बसवायचं काम मिळालं होतं. निविदा, अनामत रक्कम, कार्यादेश सुरळीत पार पडले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मजकुराची मंजुरी मात्र अशी अडकली की त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही. असं काम पुढे कोणी घेणार असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

एकाच पद्धतीचे म्हणजे काय, ते आधी सांगते. सुरक्षेचे रंग आणि चिन्हं यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस 9457. धोका असेल तर काळ्या कडेचा पिवळा त्रिकोण. मनाई असेल तर लाल वर्तुळ आणि त्यात तिरपी लाल पट्टी. अमुक केलंच पाहिजे असं सांगायचं तर निळं वर्तुळ. प्रथमोपचार, बाहेर पडायचा रस्ता अशा गोष्टींना हिरवा चौकोन. अक्षरओळख नसलेल्या पोरालाही कळावं, यासाठी हे सगळं. आपल्या शहरात महाराजबाग कृषी विद्यापीठाकडे, अंबाझरीचं जैवविविधता उद्यान वन विभागाकडे, इतर बऱ्याच बागा महापालिकेकडे, काही नागपूर सुधार प्रन्यास या शहर विकासाच्या संस्थेकडे. ज्याचा त्याचा बोर्ड वेगळा असेल, तर एका बागेत शिकलेलं चिन्ह मुलाला दुसऱ्या बागेत कामाला येत नाही.

आता अडकलेली गोष्ट. पाण्याकडेचा फलक 4 बाय 3 फुटांचा. मी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन केलं, त्यात वर 18 इंचांचा त्रिकोण आणि खाली दोनच वाक्यं: ‘पाणी खोल आहे. पाण्यात उतरू नका.’ प्रूफ, म्हणजे मंजुरीसाठी काढलेला नमुना, साहेबांच्या टेबलावर गेलं. पहिल्या साहेबांनी निळ्या पेनानं बाजूला लिहिलं, ‘फुले तोडू नयेत’ घ्या. दुसऱ्यांनी थुंकण्याचा दंड घातला. तिसऱ्या टेबलावर बोधचिन्ह आलं, मग ‘संकल्पना’ म्हणून एक नाव, मग ‘सौजन्य’ म्हणून दुसरं, मग फोटो. प्रत्येक नव्या ओळीला जागा हवी, आणि ती दर वेळी त्रिकोणातूनच काढली गेली. शेवटच्या प्रूफवर त्रिकोण चार इंचांचा उरला होता आणि ‘पाणी खोल आहे’ ही ओळ सातव्या क्रमांकावर गेली होती.

मी हरकत घेतली तेव्हा उत्तर मिळालं, “मॅडम, एवढा मोठा बोर्ड रिकामा काहून ठेवता?” बाबूंनी हळूच सांगितलं, “ताई, नाव घातल्याशिवाय फाइल पुढं सरकणार नाही.” मध्येच एकदा फाइल परत आली ती वेगळ्याच कारणानं. कोणीतरी प्रूफची झेरॉक्स लावली होती. त्यात लाल, पिवळा, निळा सगळे एकाच राखाडी रंगाचे दिसत होते, म्हणून शेरा आला, ‘चिन्हांचा अर्थबोध होत नाही.’ तेव्हा फाइलमधल्या प्रत्येक प्रतीला रंगीत प्रिंटच लावा, आणि मानकातलं रंगांचं पान सोबत जोडा.

अक्षरांचा आमच्या धंद्यातला जुना हिशोब असा की दहा फुटांच्या अंतरामागे एक इंच अक्षर. पायवाट पाण्यापासून साठ फुटांवर असेल तर सहा इंच पाहिजे. तेही मात्रा, रफार, उकार सोडून मोजायचं. जागा नाही म्हणून अक्षर चेपून बसवलं तर जोडाक्षरं लांबून भरून गेलेली दिसतात. हे मी कनिष्ठ अभियंत्यांना बागेतच प्रिंट टांगून दाखवलं. त्यांना पटलं, वर पटेना.

शेवटी गाठ सुटली ती आचारसंहितेमुळे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता 16 मार्चला लागली, नागपूरचं मतदान 19 एप्रिलला झालं आणि निकाल 4 जूनला. त्या काळात नेत्यांची नावं, फोटो असलेले फलक झाकतात. तशा एका झाकलेल्या फलकाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. वर्तमानपत्र चिकटवलेलं, आणि नावासोबत खालची धोक्याची सूचनाही गेलेली. मार्च ते जून म्हणजे ऐन उन्हाळा, शाळांना सुट्ट्या, पोरं पाण्याकडे धावायचे दिवस. मी हा फोटो जोडून लेखी अर्ज दिला: नाव असलेला फलक दर निवडणुकीत झाकावा लागेल, म्हणून नावं प्रवेशद्वारावरच्या कोनशिलेवर घ्यावीत, बागेचे नियम गेटजवळच्या वेगळ्या फलकावर घ्यावेत, आणि पाण्याकडेच्या फलकावर फक्त धोका ठेवावा. अर्जावर कोणाला ‘नाही’ लिहिता आलं नाही. माझं पहिलंच प्रूफ मंजूर झालं. त्या दिवशी मला किती हायसं वाटलं, सांगता येत नाही. आज तो 18 इंचांचा त्रिकोण पायवाटेवरून स्पष्ट दिसतो, याचा अभिमान आहे.

मंजूर प्रूफवर सही, शिक्का, तारीख तिन्ही घ्या. साहेब बदलले की तोच कागद कामाला येतो.

फ्लेक्स अजिबात लावू नका, कितीही स्वस्त पडला तरी. नागपूरच्या उन्हात लाल रंग आधी उडतो, काळा टिकतो. म्हणजे मनाईच्या चिन्हातली तिरपी पट्टी जाते आणि पोहणाऱ्या माणसाचं काळं चित्र तेवढं राहतं. असा फलक पोराला पोहायला बोलावतो. चांगल्या प्रतीचं रेडियम शीट, म्हणजे उजेड पडला की चमकणारं शीटच घ्या आणि अंदाजपत्रकात तसं स्पष्ट लिहून घ्या.

बसवण्याआधीचे आणि नंतरचे जिओटॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले फोटो, काढून ठेवा, झालेलं काम लिहायच्या मोजमाप पुस्तिकेत नोंद करताना ते मागतात. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: जुने फलक काढण्याची बाब अंदाजपत्रकात वेगळी टाकायला लावा. नाहीतर जुन्याला कोणी हात लावत नाही, आणि नव्या त्रिकोणाशेजारी उडालेल्या रंगाचा फ्लेक्स तसाच लटकत राहतो. आमच्या कामात ती बाब होती, म्हणून आम्ही सगळे उपटून ट्रॉलीत भरून नेले.