अझुमांगा दायोहची वही : चाळीस पानं रद्द, आता जोड्या

आज दुसरी वही काढली. पहिली संपली म्हणून नाही. तिच्यातल्या चाळीस पानांवर मी स्वतःच आडवी फुली मारली आणि मग त्याच वहीत पुढे लिहायचा धीर होईना. गेल्या वेळी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की ‘अझुमांगा दायोह’ ही शाळकरी मुलींच्या हायस्कूलच्या तीन वर्षांची विनोदी जपानी ॲनिमे मालिका पुन्हा बघतेय आणि एकेका पात्राच्या स्वभावाचं पान तयार करतेय. ते तयार झालं, आणि फसलंसुद्धा. कसं फसलं ते आधी सांगते, कारण या महिन्यातली खरी प्रगती तीच आहे.

बघण्याची पद्धत तीच ठेवली आहे. २००२ साली एप्रिल ते सप्टेंबर ही मालिका जपानमध्ये लागायची तेव्हा सोमवार ते शुक्रवार रोज पाच मिनिटांचा एक तुकडा दाखवायचे आणि आठवड्याअखेरीस पाचही तुकडे जोडून एक एपिसोड. सव्वीस एपिसोड, म्हणजे १३० तुकडे. मीही रोज ऑफिसातून आल्यावर चहाबरोबर एकच तुकडा बघते. (दोन रविवारी नियम मोडला. ओकिनावाची सहल आली की पाच मिनिटांवर थांबायला माणूस दगडाचा लागतो.) मूळ मांगा (जपानी चित्रकथा) चार चौकटींची, आणि तिच्यातल्या कित्येक विनोदांत चौथी चौकट म्हणजे नुसती गप्प झालेली माणसं. दिग्दर्शक निशिकिओरींनी ॲनिमेत ती शांतता कापली नाही, उलट ताणली. सलग तीन एपिसोड बघितले की ही शांतता संथपणा वाटते. रोज एक तुकडा बघितला की तोच विनोद आहे हे कळतं.

तर पहिली वही. प्रत्येकीला एक पान, वर नाव, खाली ते चार इंग्रजी अक्षरांचं व्यक्तिमत्त्वाचं लेबल, मग विशेषणं. टोमो : बहिर्मुख, उतावळी, स्पर्धाळू, अभ्यासात कच्ची, तोंडाळ. दुसरं वर्ष सुरू झाल्यावर कागुराचं पान लिहिलं : बहिर्मुख, उतावळी, स्पर्धाळू, अभ्यासात कच्ची, तोंडाळ. लिहून झाल्यावर दोन्ही पानं शेजारी धरली तर शुद्धलेखनाच्या चुकाही सारख्याच. धाकटा भाऊ मागून डोकावला. म्हणाला, “ताई, तू स्वभाव लिहितेयस की रेशनकार्ड भरतेयस?”

राग आला, पण मुद्दा बरोबर होता. पडद्यावर या दोघींची गल्लत कोणीच करणार नाही. मग वहीत का झाली?

दोन दिवस मागचे तुकडे पुन्हा बघितले. कागुरा ही क्रीडाशिक्षिका न्यामोच्या वर्गातली पोहण्यातली पोरगी, क्रीडामहोत्सव जिंकायचा म्हणून वर्गशिक्षिका युकारीने पुढच्या वर्षी आपल्या वर्गात ओढलेली. ती वर्गातल्या उंच साकाकीला प्रतिस्पर्धी मानते. साकाकीला याचा पत्ताच नाही. तरी कागुरा मनापासून पळते, हरली की मनापासून चिडते, आणि मार्क कमी पडले की तिला खरोखर लाज वाटते. टोमोला जिंकण्याशी काही देणंघेणं नाही. तिला कोणीतरी ओरडायला हवं असतं. त्यांची दहा वर्षांची वर्गमैत्रीण चियो, तिच्या समुद्राकाठच्या बंगल्याची चावी आठवा. सगळ्या दारात उभ्या आहेत आणि टोमो ती चावी झाडीत भिरकावते. का? काही कारण नाही. कागुराने चावी फेकली असती तर कोण लांब फेकतं याची पैज म्हणून फेकली असती, आणि शोधायलाही तीच पहिली धावली असती. टोमोची चावी ही हाक आहे. ओ द्यायला तिची बालमैत्रीण योमी तिथे नसती, तर चावी खिशात राहिली असती असं माझं ठाम मत आहे.

इथे फुली मारली. नव्या वहीत पात्राचं पान नाही, प्रसंगाची ओळ आहे. चार रकाने : कोण, कोणासोबत, आधी कोण बोललं, नंतर कोण गप्प. लेबल नाही, विशेषण नाही. मान्झाई म्हणजे दोघांनी रंगवायचा जपानी विनोदी संवाद, त्यातल्या ‘बोके’ आणि ‘त्सुक्कोमी’च्या जोडीचा हा साधा हिशोब आहे : एक वेड्यासारखं बोलतो, दुसरा त्याला जागेवर आणतो. पण ही सहा मुली आणि दोन बाईंची मालिका आहे, आणि जोडी बदलली की तीच पोरगी एकीसमोर बोके होते आणि दुसरीसमोर त्सुक्कोमी. टोमो योमीसमोर पक्की बोके. पण टोमो, ओसाका आणि कागुरा या तीन ढ मुलींचं ते ‘बोनकुराझ’ त्रिकूट जमलं की अधूनमधून ओसाकाला सावरण्याची वेळ टोमोवर येते, आणि ते काम तिला अजिबात जमत नाही. मला तर तिथेच सर्वांत जास्त हसू येतं.

चार रकान्यांचा पहिला मोठा फायदा साकाकीला झाला. जुन्या वहीत तिच्या पानावर ‘अंतर्मुख, थंड, गूढ’ असं होतं. म्हणजे मी वर्गातल्या इतर पोरींचंच मत उतरवून काढलं होतं! तिच्यावर भाळलेली वर्गमैत्रीण काओरिन तिच्याकडे बघते तशीच मीही बघत होते. तो चावरा बोका आठवा, कामिनेको. करडा, चेहऱ्यावर पुतळ्यासारखा निर्विकार भाव. साकाकी रस्त्यात थांबते. इकडेतिकडे बघते. वाकून हात पुढे करते, इतका हळू की आपणच श्वास धरतो. बोका हलत नाही. बोटं डोक्यापर्यंत पोचणार तेवढ्यात ते तोंड अख्ख्या चेहऱ्याएवढं उघडतं आणि हात पंजासकट आत. साकाकी ओरडत नाही. हात तसाच, बोका लटकलेला. दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी, आणि वर्ग कुजबुजतो की ही कुठेतरी मारामारी करून आली असणार.

या प्रसंगाची माझी नोंद अशी : कोण – साकाकी. कोणासोबत – बोका. आधी कोण बोललं – कोणी नाही. नंतर कोण गप्प – दोघंही, आणि वर्ग मात्र बोलतोय. ही ओळ लिहिली तेव्हा लक्षात आलं की साकाकीचा सगळा विनोद इतरांच्या गैरसमजातून उभा राहतो. ती गूढ नाहीच. तिच्या मनात काय आहे ते प्रेक्षकाला पहिल्यापासून स्वच्छ दिसतं : मऊ, लहान, गोंडस काहीतरी हवंय, आणि आपण स्वतः उंच, धिप्पाड. तिला चियोसारखं छोटं व्हायचंय, आणि चियोला तिच्यासारखं उंच. आता ‘कोणासोबत’ या रकान्यात चियो किंवा तिचा तो पांढराशुभ्र कुत्रा तादाकिची-सान असतो त्या ओळी वेगळ्या काढल्या. तिथे साकाकी चक्क बोलते. प्रश्न विचारते. म्हणजे अबोलपणा हा तिचा स्वभावच नाही, जागा मिळत नाही एवढंच.

आणि म्हणून ओकिनावात इरिओमोते बेटावर ते रानमांजराचं पिल्लू समोर येतं आणि चावत नाही, तेव्हा पोटात कालवाकालव होते. मला आधी वाटायचं की ही नुसती गोड घटना. पण ते मांजर निवडण्यात मूळ मांगाचे लेखक अझुमा यांची कमाल आहे. इरिओमोते मांजर जगात फक्त त्या एका बेटावर आहे, जेमतेम शंभरच्या आसपास. सगळ्या पाळीव मांजरांनी जिला नाकारलं तिला स्वीकारणारं मांजर दुर्मीळ, रानटी आणि घरी नेता न येणारं. बरं, घरी नेता आलं असतं तरी साकाकीच्या आईला मांजरांची ॲलर्जी. पुढे मायाचं, म्हणजे त्या पिल्लाचं, काय होतं ते मालिका बघितलेल्या सगळ्यांना माहीत आहे. तो तुकडा अजून यायचाय, रुमाल काढून ठेवला आहे.

ओसाकाने मात्र माझे रकानेही फसवले. तिचं खरं नाव कासुगा आयुमू. टोपणनाव टोमोने दिलेलं, केवळ ती ओसाकाहून आली म्हणून. यातला विनोद आपल्याकडच्या अनेकांच्या हातून निसटतो. जपानी माणसाच्या डोक्यात ओसाकाचा माणूस म्हणजे बोलघेवडा, तरतरीत, हजरजबाबी. मान्झाईचं माहेर तिथलंच. टोमोला तशी भिडू हवी होती. आली ती ही, अर्ध्या झोपेत चालणारी. इंग्रजी डबमध्ये तिला अमेरिकेच्या दक्षिणेकडचा संथ हेल दिला आहे. त्यात तिचा संथपणा उतरतो, पण अपेक्षाभंग उतरत नाही, कारण त्या हेलाकडून चपळाईची अपेक्षा मुळात कोणी करत नाही. मी वहीसाठी तिची वाक्यं मराठीत करून बघितली. वऱ्हाडी करून पाहिली, मालवणी करून पाहिली. मालवणीत ती एकदम हुशार वाटायला लागली आणि चार टोमणे जादा मारायला लागली. नाद सोडला. शेवटी प्रमाण मराठीच ठेवली, फक्त प्रत्येक वाक्याआधी एक पूर्णविराम टाकला.

तिच्या ओळींत ‘आधी कोण बोललं’ हा रकाना निरुपयोगी ठरतो. ती उत्तर देते ते आत्ताच्या वाक्याला नसतंच. सगळ्यांनी मघाशी सोडून दिलेला प्रश्न ती अजून हातात धरून बसलेली असते. चियोच्या वेण्या डोक्याला चिकटलेल्या आहेत की सुट्या होतात, हा तिचा संशय घ्या. कोणालाही क्षणभर पडेल असा प्रश्न आहे तो. फरक एवढाच की आपण तो सोडतो आणि ती स्वप्नातही त्यावर काम करते. म्हणून तिला ‘वेडी’ किंवा ‘विसराळू’ म्हणणं मला आता पटत नाही. विसरतो आपण. तिच्या डोक्यातलं काही जातच नाही, फक्त क्रमाने बाहेर येत नाही. बंगल्यावरची ती सकाळ बघा. झोपलेल्यांना तवा बडवून उठवायचं ठरवते, आणि युकारीच्या उशाशी पोचते तेव्हा हातात सुरी. चेहरा मात्र तोच, शांत. तिच्या दृष्टीने स्वयंपाकघरातून काहीतरी आणायचं होतं, ते आणलंय. भयपटातला प्रसंग केवळ त्या चेहऱ्यामुळे विनोद होतो. पाचव्यांदा बघतानाही मला घाम फुटला.

किमुरा सरांचं पान दोन्ही वह्यांत कोरं आहे. शाळकरी मुली आवडतात म्हणून शिक्षक झालो असं वर्गात बोलणारा माणूस. २००२ मध्येही त्यावर हसू कसं आलं असेल मला कळत नाही. घरी त्यांची बायको इतकी भली दाखवली आहे की तो विरोधाभास हाच विनोद असावा. असेल. काओरिनला तिसऱ्या वर्षी त्यांच्याच वर्गात टाकतात तो तुकडा मी यावेळी आवाज बंद करून बघणार आहे.

आता ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसले ते. परवा ओळी जोड्यांनुसार पुन्हा उतरवत होते. टोमो–योमी आणि युकारी–न्यामो या दोन गठ्ठ्यांतली नावं झाकली तर कुठली ओळ कुठल्या गठ्ठ्यातली हे मलाच सांगता येईना. एक न सांगता घरी टपकते, दुसरी वैतागते पण दार उघडते. एक स्वतःच्या चुकीचं खापर दुसरीवर फोडते, दुसरी हिशोब ठेवते. युकारी आणि न्यामो याच वयात एकाच शाळेत होत्या हे मालिकेत सांगितलंच आहे. पण मी आजवर युकारीला ‘बेजबाबदार शिक्षिका’ या खणात ठेवून मोकळी झाले होते. ती बेजबाबदार वगैरे नाही हो, ती टोमो आहे, दहाएक वर्षांनंतरची, इंग्रजी शिकवायला लागलेली. चियोला गाडीच्या नावाने कापरं भरावं अशी ती गाडी चालवते, तीही टोमोच्या हातात लायसन्स दिलं तर जशी चालवेल तशीच.

मग एक जुनी गोष्ट नव्याने दिसली. टोमो या शाळेत आलीच कशी? योमीने तुला जमणार नाही म्हटलं, म्हणून ईर्ष्येने अभ्यास करून. तिला शाळा नको होती, योमीचं वाक्य खोटं पाडायचं होतं. पुढे पदवी वगैरे झाल्यावर युकारी शिक्षिका का झाली असावी याचा अंदाज मी आता बांधू शकते, पण मालिकेत त्याला आधार मिळाला तरच लिहीन. भावाने लगेच विचारलं, “मग ताई, न्यामोचं लग्न न जमण्याचं कारण पण युकारीच का?” त्याला चहा करायला पाठवलं.

चियोबद्दल अजून फारसं काही नाही. दहा वर्षांची, हुशार, नम्र, सगळ्यांशी सारखीच वागते, त्यामुळे तिच्या ओळी वाचायला सपाट लागतात. तिची खरी जोडी गाडीशी आहे की साकाकीशी, हे तिसऱ्या वर्षात बघू.

शिल्लक : तिसऱ्या वर्षाचे तुकडे, प्रवेशपरीक्षा, काओरिन. आणि योमी. कारण योमीच्या नावावर जेवढ्या ओळी आहेत त्या सगळ्या टोमोच्या शेपटीला बांधलेल्या आहेत, आणि जोडीशिवाय स्वभावच दिसत नाही असं मी आता ठासून म्हणायला लागले होते. तर आज संध्याकाळच्या तुकड्यात योमी एकटी. टोमो नाही, कोणी नाही. पोरगी वजनकाट्यावर चढली, खाली बघितलं, आणि टोमोवर ओरडते तश्शी काट्यावर ओरडली.

‘कोणासोबत’च्या रकान्यात ‘वजनकाटा’ लिहिलंय. सध्या पेन्सिलीने.