अर्ध्या दाराचा दवाखाना

आमच्या डॉक्टरांच्या केबिनला परवापरवापर्यंत अर्धंच दार होतं. दोन फळ्या, मधे स्प्रिंग, ढकललं की खटाक खटाक करत हलत राहणार, खालून पेशंटचे पाय दिसणार वरून डॉक्टरांचा पंखा दिसणार आणि मधून सगळं ऐकू येणार. सगळं म्हणजे सगळं. बाहेर बाकावर बसलेल्या आठ-दहा जणांना कोणाला जुलाब लागलेत, कोणाची शुगर परत वाढली, कोणी गोळ्या अर्धवट सोडल्या म्हणून बोलणी खाल्ली हे फुकटात कळायचं, त्यात डॉक्टरांना अलीकडे ऐकायला कमी येतं त्यामुळे ते स्वतः मोठ्यानं बोलतात आणि पेशंटलाही मोठ्यानं बोलायला लावतात. "लघवीला जळजळ होते का? काय? मोठ्यानं बोला!" आणि बाहेर आम्ही सगळे एकदम कालनिर्णयकडे बघायला लागायचो, जसं काही आज संकष्टी आहे की नाही हा आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

दवाखाना पुण्यात सिंहगड रोडला, माणिकबागेच्या जवळ. मी लग्न होऊन इकडे आले २००६ साली तेव्हापासून जातेय, सासूबाई त्याच्याही आधीपासून. फी तेव्हा ३० रुपये होती आता १५० आहे. नंबर लावायचा म्हणजे कंपाउंडर काकांकडून पत्र्याचा बिल्ला घ्यायचा. फोनवर नंबर लावून मिळत नाही, काका म्हणतात फोनवर नंबर लावणारा माणूस येत नाही आणि आलेला माणूस उगाच भांडतो. चपलांच्या रॅकवर पाटी आहे, "चपला रॅकमध्ये ठेवाव्यात, रॅकसमोर नव्हे". वाट किती बघावी लागेल हे काका कधीच सांगत नाहीत, विचारलं तर "बसा की" एवढंच. हे मला वीस वर्षांत कधी आवडलेलं नाही. निदान "अजून पाऊण तास आहे, भाजी घेऊन या" असं सांगायला काय जातं?

तरी आम्ही सगळे तिथेच जातो कारण डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. आता हाताला गुण म्हणजे काय ते मी बरंच निरखलंय. ते पेशंटकडे बघतात, बस. पोट दाबून बघतात, जीभ बघतात, बीपी दोनदा घेतात कारण पहिल्यांदा चालत आल्यामुळे जास्त येतं. व्हायरल असेल तर अँटिबायोटिक देत नाहीत, कितीही मागितलं तरी, आणि त्यावरून लोक रुसून दुसरीकडे गेलेले मी पाहिलेत. आणि "मला समजत नाहीये, तुम्ही मोठ्या दवाखान्यात जा" असं सरळ म्हणतात.

हे शेवटचं किती मोलाचं आहे ते २०२५ च्या जानेवारीत कळलं. आठवत असेल तेव्हा आपल्याकडे जीबीएसची केवढी भीती पसरली होती. गुलियन बॅरे सिंड्रोम हे नाव त्याआधी आमच्यापैकी कोणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं, आणि जानेवारीच्या शेवटी किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी इकडचे पेशंट धडाधड अ‍ॅडमिट व्हायला लागले. पाण्यातून किंवा खाण्यातून कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू पोटात जातो, जुलाब होतात, ते बरेही होतात, आणि मग आठ-पंधरा दिवसांनी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, पायापासून ताकद जायला लागते आणि वर वर चढत जाते. श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेलं तर व्हेंटिलेटर. महापालिकेनं कमला नेहरू हॉस्पिटलमध्ये मोफत उपचारांची सोय केली होती. आमच्याकडे घरोघरी पाणी उकळणं चालू आणि दवाखान्यात ही गर्दी, ज्याला त्याला पायाला मुंग्या. मलाही आल्या होत्या, खोटं कशाला बोलू, मांडी घालून बसलं की येतात तशाच असणार पण तेव्हा कोण विचार करतं.

डॉक्टरांनी त्या दोन आठवड्यांत प्रत्येकाचे गुडघे ठोकले. तो रबरी हातोडा असतो ना, तो. बाहेर नुसता टक टक आवाज. पाय उडाला की "काही झालेलं नाही, घरी जा, पाणी उकळून प्या". जीबीएसमध्ये पाय उडत नाही, ते रिफ्लेक्स जातात, हे आम्हाला बाकावर बसून बसून पाठ झालं होतं.

आणि एका संध्याकाळी टक टक झालं आणि पुढे काहीच ऐकू आलं नाही. परत टक टक. परत शांत. आत आमच्या सोसायटीत दूध टाकणारा होता, किरकटवाडीकडून येतो तो. "जुलाब झाले होते का मागे?" "झाले होते दहा-बारा दिवसांपूर्वी." "जिना चढता येतो का?" "कालपासून नाही येत." बाकावर कोणी हलेना. डॉक्टरांनी आतूनच कोणाला तरी फोन लावला, चिठ्ठी लिहिली, कंपाउंडर काकांना रिक्षा आणायला पिटाळलं आणि म्हणाले घरी जायचं नाही, कपडे आणायला जायचं नाही, इथून थेट अ‍ॅडमिट व्हायचं. फी घेतली नाही. पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं चालली त्याला, व्हेंटिलेटर लागला नाही. एक दिवस जरी "बघू, अशक्तपणा असेल, बी कॉम्प्लेक्स घ्या" म्हणून गेला असता तर काय झालं असतं कोणास ठाऊक.

हे झालं डॉक्टरांचं कौतुक आणि ते मी कुठेही उभी राहून करीन. पण त्याच संध्याकाळी दुसरी एक गोष्ट घडली. बाकावर आम्ही नऊ जण होतो. रात्री जेवणं व्हायच्या आत आमच्या तीन बिल्डिंगांना कळलं होतं की दूधवाल्याला जीबीएस झालाय, आणि दुसऱ्या दिवसापासून पंधरा-वीस घरांनी दूध बंद केलं. दूध पिशवीचं, सीलबंद, आणि टाकत होता त्याचा भाऊ. जीबीएस एकाचा दुसऱ्याला होत नाही हे पेपरात रोज छापून येत होतं. पण कोण ऐकतंय. एप्रिलमध्ये तो काठी टेकत परत आला तेव्हा निम्मी घरं दुसरीकडे गेली होती. आणि ती बातमी बाहेर नेणाऱ्या नऊ जणांत मी पण होते हो, मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, त्यानं लिफ्टमध्ये कोणाला तरी सांगितलं. हे लिहायला मला आठ महिने लागलेत.

आता माझं. त्याच सुमाराला, म्हणजे दिवाळीपासूनच खरं तर, माझी पाळी बिघडली होती. सात-आठ दिवस भरपूर जायचं, रात्री दोनदा उठायला लागायचं, ऑफिसात काळी सलवार सोडून काही घालत नव्हते. वय ४४, म्हटलं असेल मेनोपॉजचं, सगळ्यांचंच होतं. डॉक्टरांना सांगायचं कितीदा मनात आलं, एकदा तर बिल्ला घेऊन बसलेसुद्धा, पण बाकावर बघितलं तर वरच्या मजल्यावरचे काका, मुलाचा गणिताचा क्लास घेणारे सर, आणि सोसायटीची सेक्रेटरी. आणि आत जाऊन मी मोठ्यानं ओरडून सांगायचं की रक्ताच्या गाठी पडतात म्हणून? त्यात तो दूधवाल्याचा प्रकार ताजा. खोकला झालाय सांगून खोकल्याचं औषध घेऊन आले. ते औषध अजून फ्रिजच्या दारात आहे.

मग मी शहाणपणा केला आणि नव्या क्लिनिकमध्ये गेले. नाव सांगत नाही, चकाचक आहे, एसी, मोबाईलवर टोकन, टॉयलेट इतकं स्वच्छ की मी दोनदा गेले. केबिनला पूर्ण दार, ते बंदही होतं, मला इतकं बरं वाटलं की आज सगळं सांगून टाकायचं ठरवलं. मी म्हटलं "हल्ली फार थकायला होतं", म्हणजे सुरुवात म्हणून हो, एकदम कसं बोलणार, आणि समोरच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर बघत टाइप करायला सुरुवात केली. झोप येते का, ऑफिसात स्ट्रेस आहे का, मल्टिव्हिटॅमिन देतो, नेक्स्ट. बाहेर येऊन मोबाईल बघितला तर मी आत जाऊन तीन मिनिटंपण झाली नव्हती. ५०० रुपये. २०१७ साली बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, वेगवेगळ्या देशांत डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतात त्याचा, स्वीडनमध्ये बावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपल्याकडे साधारण दोन मिनिटं. तेव्हा त्या डॉक्टरांनी तर मला सरासरीपेक्षा जास्तच दिलं म्हणायचं. जिना उतरेपर्यंत मेसेज आला, तुमचा अनुभव कसा होता, स्टार द्या. मी चार दिले. टॉयलेटसाठी.

जूनमध्ये सासूबाईंचं बीपी बघायला परत आपल्या दवाखान्यात. आई टेबलावर बसलेल्या, मी कोपऱ्यात पिशवी धरून उभी. डॉक्टर त्यांचा पट्टा सोडता सोडता माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गं, तू अशी पांढरी का पडलीस? इकडे ये." डोळ्याखालची पापणी खाली ओढली, नखं बघितली. "दम लागतो का जिन्यात?" लागत होता. मग आला तो प्रश्न, नेहमीच्या आवाजात. "पाळी कशी आहे?"

बाहेर बाकाचा एक कर्र आवाज झाला. कोणी तरी सावरून बसलं असणार.

मी म्हटलं, "नॉर्मल."

ते काही बोलले नाहीत, रक्त तपासायची चिठ्ठी दिली. रात्री साडेनऊला फोन वाजला, दवाखान्याचा नंबर. म्हणाले, "आता बाकावर कोणी नाही, काकाही गेले. सांग."

मी बेडरूमचं दार लावून अर्धा तास बोलले. मधे रडले पण. त्यांनी फक्त किती दिवस, किती पॅड, गाठी किती मोठ्या, एवढंच विचारलं आणि सकाळी रिपोर्ट आला तर हिमोग्लोबिन ७.२. बारा पाहिजे. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५४ टक्के आकडा आहे, हे वाचलं की आपण म्हणतो आदिवासी भाग असेल, गरिबी असेल. मी बँकेत ऑफिसर आहे, पेंडखजूर खाते, डाळिंब खाते.

पुढचं पटकन सांगते कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. गायनॅककडे पाठवलं, सोनोग्राफी, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या गाठी निघाल्या, आयर्नच्या सलाईन लावल्या, नंतर गोळ्या आणि गोळी घेतल्यावर दोन तास चहा नाही, ही शिक्षा सगळ्यात मोठी. आता ११.४ आहे. त्या हॉस्पिटलच्या भिंतीवर रुग्ण हक्कांची सनद फ्रेम करून लावली होती. २०२१ मध्ये राज्याचे नर्सिंग होमचे नियम बदलले तेव्हापासून ती आणि दरपत्रक दिसेल असं लावावं लागतं. सलाईन चालू असताना दुसरं काय करणार, पूर्ण वाचली. आजाराची माहिती गुप्त राहणं हा पेशंटचा हक्क आहे असं स्वच्छ लिहिलंय त्यात. पण तो कायदा खाटा असलेल्या हॉस्पिटलांचा, आमच्या डॉक्टरांसारखा एका खोलीचा दवाखाना त्यात येत नाही. तिथे हक्क म्हणजे कंपाउंडर काका म्हणतील तो.

ऑगस्टमध्ये रिपोर्ट दाखवायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, इतके महिने मला का नाही सांगितलंस. रागावून नाही, खरंच विचारत होते. मी काही न बोलता दाराकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. खालून कोणाचे तरी पाय दिसत होते, अगदी दाराला चिकटून. डॉक्टर म्हणाले, "हवा खेळती राहावी म्हणून केलं होतं गं. आधी टीबीचे पेशंट फार यायचे." बत्तीस वर्षं त्यांनी त्या दाराचा विचार फक्त हवेसाठी केला होता. आणि मी पण कधी बोलले नव्हते, कोणीच बोललं नव्हतं, दुसऱ्याचं ऐकायला मिळतंय तोवर कोण कशाला बोलेल.

गणपतीनंतर गेले तर पूर्ण दार. प्लायवूडचं, अजून पॉलिश व्हायचंय, मागच्या भिंतीत वर एक्झॉस्ट पंखा पण बसवलाय. बाकावर जाम नाराजी. एक आजोबा म्हणत होते की आत काय चाललंय काही कळतच नाही, पेशंट बोलतोय की झोपलाय. दुसरे म्हणाले, पूर्वी कसं, आतल्याचं ऐकून अंदाज यायचा आपला नंबर कधी लागेल. तेवढ्यात दूधवाला बाहेर आला, काठी नव्हती हातात. आजोबांनी लगेच विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

तो चपला घालत म्हणाला, "बसा की."

कंपाउंडर काका पहिल्यांदाच हसताना दिसले मला.