अंतराळात थंडी असताना यान तापते कसे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत मी भट्टीची देखभाल पाहतो आणि सुटीच्या दिवशी कोल्हापुरातल्या शाळांमध्ये अंतराळाविषयी बोलतो. तेथे हा प्रश्न हमखास येतो की, एवढ्या थंडीत यानाला गार ठेवण्याची यंत्रणा लागतेच कशाला?

आमच्या इंडक्शन भट्टीच्या तांब्याच्या कॉइलमधून सतत पाणी खेळत असते. कॉइलची उष्णता घेऊन ते कूलिंग टॉवरवर जाते आणि ती हवेच्या स्वाधीन करून परत येते. यानातही असे पाणी खेळवता येते, पण शेवटी उष्णता घ्यायला बाहेर हवाच नसते. थर्मासच्या दोन भिंतींमधील पोकळीमुळे चहा गरम राहतो, तशीच यंत्रांची आणि माणसांची उष्णता यानात कोंडून राहते. उरतो तो प्रारणाचा, म्हणजे उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकण्याचा मार्ग. भट्टीचे झाकण उघडताच चेहऱ्याला झळ लागते आणि मध्ये हात धरला की तत्क्षणी थांबते. ती झळ हवेने आणलेली नसते, हे मी मुलांना आवर्जून सांगतो.

मात्र रसरशीत लोखंडाची ती झळ साध्या तापमानाला मिळत नाही. २७ अंश सेल्सिअसचा एक चौरस मीटर पृष्ठभाग आदर्श स्थितीतही सुमारे ४६० वॉटच बाहेर टाकतो, म्हणजे घरच्या इस्त्रीच्या निम्म्याहून कमी. म्हणूनच सुमारे ७० किलोवॉट उष्णता बाहेर टाकू शकणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला रेडिएटरचे, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांचे, एवढे मोठे पंख लागतात आणि ऊन कमी लागावे म्हणून त्यांची कड सूर्याकडे ठेवावी लागते. स्थानकाच्या आत पाणी फिरते; बाहेर मात्र उणे ७७ अंशांपर्यंत न गोठणारा अमोनिया. तो विषारी असल्यामुळे आत येऊ दिला जात नाही. पाणी आपली उष्णता त्याला धातूच्या भिंतीआडून देते. जुलै २०१० मध्ये या अमोनियाचा एक पंप बंद पडला, तेव्हा स्थानकावरची बरीच उपकरणे बंद ठेवावी लागली आणि सुमारे ३५० किलोचा तो पंप बदलायला अंतराळवीरांना तीनदा बाहेर पडावे लागले. पंप बंद पडल्यावर काय धावपळ होते हे रोज जाणणाऱ्या मला त्या कामाविषयी अपार आदर वाटतो.

आपल्या चांद्रयान-१ लाही हे भोगावे लागले. नोव्हेंबर २००८ मध्ये त्याचे तापमान ५० अंशांवर गेले, कारण वरून सूर्य आणि खालून तापलेला चंद्र, असा दोन्हीकडून ताप होता. तेव्हा इस्रोने यान सुमारे २० अंश वळवले आणि काही उपकरणे बंद ठेवली.